ज्यांना ‘घर्ती’ म्हटले गेले : भुजेल लोक आणि त्यांची भाषा



नेपाळमध्ये २०२१ साली झालेल्या जनगणनेत १ लाख २० हजारांहून थोड्या अधिक लोकांनी आपली जात ‘घर्ती/भुजेल’ अशी नोंदवली. त्याच जनगणनेत मातृभाषेच्या रकान्यात ‘भुजेल’ असे लिहिणारे मात्र १३ हजारांच्या आसपास होते. म्हणजे या समाजातील दहा माणसांमागे जेमतेम एकजण भुजेल ही आपली भाषा असल्याचे सांगतो. उरलेल्यांपैकी बहुतेक सारे नेपाळी बोलतात.

आदिवासींच्या भाषा मागे पडण्याची नेहमीची कारणे आपल्याला ठाऊक आहेत : शाळा, बाजार, नोकरीसाठी गाव सोडणे. भुजेलांच्या बाबतीत ती सर्व आहेतच. पण त्यांच्या भाषेला आणखी एक जुनी जखम आहे आणि ती त्यांच्या नावाशी जोडलेली आहे. ती समजून घेतली नाही तर वरचे आकडे समजत नाहीत आणि या लोकांच्या पाठीशी कसे उभे राहावे हेही कळत नाही. म्हणून या अंकात भुजेल लोकांची, त्यांच्या इतिहासाची व भाषेची ओळख करून घेऊ.

डोंगरउतारावरची गावे

काठमांडूहून पोखऱ्याला जाणारा पृथ्वी महामार्ग मुग्लिंगच्या पुढे मर्स्यांगदी नदीच्या काठाने जातो आणि तनहुँ जिल्ह्यात शिरतो. दमौली हे या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. पर्यटकांना ओळखीचे असलेले बंदीपूर हे जुने व्यापारी गावही याच जिल्ह्यातले. महामार्गावरून दिसणारी ही गावे आणि बाजारपेठा मागे टाकून दक्षिणेकडे गेले की महाभारत पर्वतरांग लागते. हिमालयाच्या खालची, तराईच्या मैदानाच्या वरची अशी ही मधली रांग आहे. तिच्या उतारांवर आँदीमूल, बनियाटार, कौलेपानी यांसारख्या गावांत भुजेल भाषा आजही घराघरांत ऐकू येते. शेजारच्या गोरखा, चितवन आणि नवलपरासी या जिल्ह्यांतही तिचे बोलणारे आहेत.

जमीन चढउताराची, पाणी खाली नदीत आणि शेत वर डोंगरात, अशी इथली स्थिती आहे. मका आणि नाचणी ही मुख्य पिके. नेपाळीत नाचणीला ‘कोदो’ म्हणतात. पूर्वी जंगलाचा तुकडा तोडून, जाळून त्या राखेत पेरणी करण्याची पद्धत या डोंगरात सर्रास होती. तिला तिथे ‘खोरिया’ म्हणतात. कोकणात कातकरी व ठाकूर बांधवांची दळीची शेती ज्यांनी पाहिली असेल त्यांच्या डोळ्यांसमोर हे चित्र लगेच उभे राहील.

भुजेलांचे सर्वांत जवळचे नातलग म्हणजे चेपांग लोक. दोघांच्या भाषा इतक्या सारख्या आहेत की काही अभ्यासक त्यांना एकाच भाषेची दोन रूपे मानतात. चेपांगांच्या जीवनात चिउरीच्या झाडाला मोठा मान आहे. त्याच्या बियांपासून तुपासारखा स्निग्ध पदार्थ काढतात आणि मुलीच्या लग्नात तिला चिउरीची झाडे देण्याची जुनी रीत आहे. चिउरी आणि आपल्याकडचा मोह ही एकाच वनस्पतीकुळातील झाडे आहेत. आपल्या आदिवासी पाड्यांवर मोहाचे जे स्थान, तेच तिकडे चिउरीचे.

याच तनहुँ जिल्ह्याची आणखी एक ओळख आहे. नेपाळी भाषेचे आदिकवी भानुभक्त आचार्य यांचा जन्म १८१४ साली इथेच झाला. त्यांनी रामायण नेपाळीत आणले आणि त्या भाषेला घरोघरी पोहोचवले. ज्या जिल्ह्याने नेपाळीला तिचा पहिला कवी दिला, त्याच जिल्ह्यात भुजेल ही भाषा पिढ्यान्‌पिढ्या केवळ तोंडी जगत राहिली. अगदी अलीकडेपर्यंत ती कुणी कागदावर उतरवली नव्हती.

‘घर्ती’ हा शब्द कुठून आला?

आता त्या जुन्या जखमेकडे येऊ.

१८५४ साली जंगबहादूर राणा यांच्या कारकिर्दीत नेपाळात ‘मुलुकी ऐन’ नावाचा कायदा लागू झाला. या कायद्याने देशातील सर्व जाती-जमातींची उतरंड लिहून काढली. वरच्या पायरीवर जानवे घालणारे. त्यांच्या खाली मद्य पिणाऱ्या जमाती, म्हणजे ‘मतवाली’. या मतवालींचेही दोन गट केले होते : ज्यांना गुलाम करता येणार नाही असे, आणि ज्यांना गुलाम करता येईल असे. दुसऱ्या गटाला ‘मासिन्या मतवाली’ म्हणत. भोटे, चेपांग, कुमाल, हायू यांच्याबरोबर ‘घर्ती’ हे नावही त्याच गटात होते. सर्वांत खालच्या पायऱ्यांवर, ज्यांचे पाणी चालत नाही आणि ज्यांचा स्पर्शही चालत नाही असे लोक होते.

कर्ज फिटले नाही म्हणून, शिक्षा म्हणून, किंवा आईबापांनी दुष्काळात पोर विकले म्हणून त्या काळी माणूस गुलाम होई. गुलामाची मुलेही गुलामच. असा एखादा गुलाम पुढे मुक्त झाला तर त्याला त्याची मूळ जात परत मिळत नसे. त्याला ‘घर्ती’ म्हणत. म्हणजे सुटका झाली तरी तो कधीकाळी विकला गेला होता हे त्याच्या नावातून सगळ्यांना कळत राही.

२८ नोव्हेंबर १९२४ रोजी पंतप्रधान चंद्रशमशेर यांनी काठमांडूच्या टुंडीखेल मैदानावर मोठे भाषण करून गुलामगिरी बंद करण्याचे आवाहन केले. पुढच्या वर्षी, १९२५ मध्ये, ती कायद्याने संपली. पन्नास हजारांहून अधिक माणसांची सुटका झाली. सरकारने पैसे दिले ते मालकांना, त्यांच्या नुकसानभरपाईपोटी. सुटलेल्यांना पोटापाण्याची सोय म्हणून आणखी सात वर्षे जुन्या मालकाकडेच काम करण्याची तरतूद होती. काहींना तराईच्या जंगलात वसवण्यात आले आणि त्या जागेला ‘अमलेखगंज’ हे नाव पडले. ‘अमलेख’ म्हणजे मुक्त. हे गाव आजही नकाशावर आहे. सुटलेल्या लोकांना ‘शिवभक्ती’ असे नवे नावही देण्यात आले. तरी लोकांच्या तोंडी ‘घर्ती’ हेच नाव राहिले.

या घटनेला आता शंभर वर्षे झाली. शंभर वर्षे म्हणजे आजच्या म्हाताऱ्या माणसांच्या आईबापांचा काळ.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. भुजेल हा स्वतःची भाषा असलेला, डोंगरात राहणारा एक समाज होता आणि आहे. आपले मूळ पश्चिमेकडील भुजी खोऱ्यात असून त्यावरून आपल्याला भुजेल हे नाव पडले, असे समाजातले अनेकजण मानतात. पण सरकारदरबारी आणि गावगाड्यात या लोकांना ‘घर्ती’ म्हटले गेले. त्याच ‘घर्ती’ शब्दाखाली वेगवेगळ्या जातींतून आलेले मुक्त गुलामही जमा होत गेले. एका शब्दात दोन वेगळे प्रवाह मिसळले. याशिवाय मगर समाजात घर्ती नावाचे एक कूळ आहे आणि क्षेत्री लोकांतही घर्ती हे आडनाव आढळते, त्यांचा याच्याशी संबंध नाही. त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो.

याचा परिणाम असा झाला की भुजेल बोलणाऱ्या माणसाने बाजारात तोंड उघडले की ऐकणाऱ्याच्या मनात ‘हा घर्ती, म्हणजे गुलामाचा वंशज’ हा विचार येई. नेपाळी बोलले की निदान पहिल्या वाक्याला तरी ओळख उघड होत नसे. कोणते आईबाप आपल्या लेकराला अपमान ओढवून घेणारी भाषा हौसेने शिकवतील? त्यांनी लेकरांना त्या वागणुकीपासून वाचवण्यासाठी नेपाळी जवळ केली. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ घराण्यांना हे वेगळे सांगायला नको. आडनाव सांगताच समोरच्याचा चेहरा बदलतो, हा अनुभव आपल्या आजी-आजोबांनीही घेतलेला आहे.

भाषा कशी आहे?

नेपाळी ही मराठीची बहीण आहे. ती देवनागरीत लिहिली जाते. ‘घर’, ‘हात’, ‘दूध’ हे शब्द दोन्हीकडे तेच आहेत. मराठी माणूस काठमांडूत गेला तर दुकानांच्या पाट्या त्याला वाचता येतात आणि बऱ्याचशा समजतातही.

भुजेल मात्र अगदी वेगळ्या घराण्यातली आहे. ती तिबेटी-ब्रह्मी कुळातील भाषा आहे. तिबेटी आणि ब्रह्मी या तिच्या दूरच्या बहिणी. भुजेलमध्ये ‘मी’ला ‘ङा’ म्हणतात आणि ‘तू’ला ‘नाङ’. आपण शाळेत क, ख, ग, घ यांच्यानंतर ‘ङ’ घोकतो, पण त्या अक्षराने सुरू होणारा एकही शब्द मराठी मुलाला कधी लिहावा लागत नाही. भुजेल मुलाच्या बोलण्यात मात्र ‘मी’ म्हणण्यासाठीच तो ध्वनी लागतो. तिबेटी माणूसही ‘मी’ला ‘ङा’च म्हणतो. नेपाळी आणि भुजेल यांच्यातले अंतर जवळपास मराठी आणि तमिळ यांच्यातल्या अंतरासारखे समजावे. शेजारामुळे शब्दांची देवघेव पुष्कळ झाली आहे, पण मुळे वेगळ्या मातीत आहेत.

या भाषेचे वैशिष्ट्य तिच्या क्रियापदात आहे. ते समजायला मराठी माणसाला एक सोय आहे. ‘भाकरी खाल्लीस’ हे दोनच शब्द पाहा. ‘खाल्ली’ यावरून कळते की खाल्लेली वस्तू स्त्रीलिंगी आहे आणि शेवटच्या ‘स’वरून कळते की खाणारा ‘तू’ आहेस. ‘तू’ हा शब्द न उच्चारताही कोणी आणि काय, या दोन्ही गोष्टी एका क्रियापदात आल्या. हिंदीत किंवा नेपाळीत अशी दुहेरी खूण एका रूपात सापडत नाही. भुजेल क्रियापद याच वाटेने आणखी पुढे जाते. ‘मी तुला पाहिले’ आणि ‘तू मला पाहिलेस’ या दोन वाक्यांत क्रिया कोणाकडून कोणाकडे गेली, याची खूण क्रियापदालाच जोडलेली असते. करणारा एक आहे, दोघे आहेत की पुष्कळ आहेत हेही क्रियापद सांगते. शाळेत संस्कृत शिकलेल्यांना द्विवचन आठवेल. मराठीने ते केव्हाच सोडले, भुजेलने जपले.

काही गोष्टी अगदी आपल्यासारख्याही आहेत. मराठीप्रमाणेच वाक्यात कर्ता आधी, कर्म मधे आणि क्रियापद शेवटी येते. आपण ‘रामाने आंबा खाल्ला’ असे म्हणताना कर्त्याला ‘ने’ लावतो, तसा कर्त्याला लावायचा प्रत्यय भुजेलमध्येही आहे.

मोजण्याची रीतही लक्षात ठेवण्याजोगी आहे. जगातल्या बहुतेक भाषा दहाच्या गटाने मोजतात, काही विसाच्या. चेपांग भाषेतील जुनी मोजणी बाराच्या गटाची आहे. बाराला ‘हाले’ असा स्वतंत्र शब्द आहे आणि चोवीस म्हणजे दोन हाले. आपण आंबे, केळी, अंडी डझनाने मोजतो, पण डझन हा शब्द आपल्याकडे बाहेरून आला. डोंगरात राहणाऱ्या या लोकांच्या भाषेत बाराचा हिशेब मुळातच होता. आता बाजारामुळे आणि शाळेमुळे नेपाळी आकडे आले आहेत आणि ‘हाले’चा हिशेब म्हाताऱ्यांपुरता उरत चालला आहे.

एवढे सविस्तर सांगण्याचे कारण आहे. ज्या भाषेला लिपी नाही ती ‘बोली’, आणि बोली म्हणजे काहीतरी अर्धवट, मोडकेतोडके, असा समज आपल्यातही आहे. भुजेलचे व्याकरण पाहिले की तो समज टिकत नाही. ज्यांना समाजाने गुलामांच्या रांगेत बसवले त्यांच्या तोंडी इतकी बारीक नक्षी असलेली भाषा होती.

ती मागे का पडली?

नावाची जखम हे पहिले कारण आपण पाहिले. दुसरे कारण शाळा. १९६० ते १९९० या पंचायत राजवटीच्या तीस वर्षांत एक देश, एक भाषा, एक पोशाख हे धोरण होते. शाळेची भाषा नेपाळी, रेडिओची नेपाळी, कचेरीची नेपाळी. डोंगरातले भुजेल मूल पहिलीत बसले की गुरुजींचे बोलणे त्याच्या डोक्यावरून जाई. काही मुले शाळा सोडत. जी टिकत ती मोठेपणी आपल्या मुलांशी घरीच नेपाळी बोलत, म्हणजे त्यांच्यावर तशी वेळ येऊ नये.

तिसरे कारण वस्तीची रचना. भुजेल लोक एका मोठ्या सलग प्रदेशात राहत नाहीत. नेपाळच्या पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत अनेक जिल्ह्यांत त्यांची थोडी थोडी घरे आहेत. चारी बाजूंनी दुसऱ्या समाजांची घरे असली की मुले अंगणात खेळताना शेजाऱ्यांची भाषा उचलतात. भाषा टिकली ती तनहुँच्या आसपासच्या त्याच गावांत, जिथे भुजेलांची घरे एकमेकांना लागून होती आणि रस्ता उशिरा पोहोचला.

चौथे कारण पोटासाठीचे स्थलांतर. नेपाळच्या या डोंगराळ भागातील तरुण भारतात, आखाती देशांत, मलेशियात कामाला जातात. घरी मागे राहतात ती आजी-आजोबा आणि लहान मुले. एका अर्थाने भाषेसाठी ही चांगली संधी असायला हवी होती, कारण भाषा आजीच्याच तोंडी असते. पण मुलाच्या हातात मोबाईल आहे, आणि त्या मोबाईलवर भुजेलमध्ये ऐकायला फारसे काही नाही.

आकडे काय सांगतात?

आता सुरुवातीच्या आकड्यांकडे पुन्हा पाहू. ‘घर्ती’ या शब्दाखाली दोन प्रवाह मिसळले आहेत हे कळल्यावर, दहातल्या नऊजणांनी आपली भाषा गमावली असे सरसकट म्हणता येत नाही. त्यांतील कित्येकांचे पूर्वज कदाचित भुजेल कधी बोललेच नसतील. गुलामगिरीने त्यांची मूळ भाषा कोणती होती याचा मागही पुसून टाकला. काहींची भाषा हरवली आणि काहींना आपले काय हरवले हेही कळण्याची सोय उरली नाही. दुसरी स्थिती पहिलीपेक्षा कठीण आहे.

मातृभाषेच्या आकड्याचा चढउतारही पाहण्यासारखा आहे. २००१ च्या जनगणनेत भुजेल मातृभाषा सांगणारे सुमारे १० हजार ७०० होते. २०११ मध्ये तोच आकडा २१ हजार ७०० च्या वर गेला. २०२१ मध्ये तो पुन्हा १३ हजारांच्या आसपास आला. समाजाची एकूण संख्या या वीस वर्षांत १ लाख १७ हजारांवरून १ लाख २० हजारांपर्यंत, म्हणजे फारच थोडी वाढली. मग दहा वर्षांत बोलणारे दुप्पट झाले आणि पुढच्या दहा वर्षांत इतके घटले, असे कसे होईल? याचा अर्थ असा लावता येतो की जनगणनेचा आकडा भाषेबरोबर अभिमानही मोजतो. २००२ साली नेपाळने आदिवासी जनजातींसाठी कायदा केला आणि ५९ जनजातींची यादी प्रसिद्ध केली. त्या यादीत भुजेलांचे नाव आले. प्रथमच सरकारी कागदावर त्यांचे नाव सन्मानाने छापले गेले. त्यानंतरच्या जनगणनेत, ज्यांना भाषा जेमतेम येते अशांनीही ‘आमची भाषा भुजेल’ असे सांगितले असणे स्वाभाविक आहे.

त्या उत्तरांना खोटे म्हणून सोडून देऊ नये. जी भाषा लपवायची होती ती आपली म्हणून सांगावीशी वाटली, ही मोठी गोष्ट आहे. ज्या भाषेची लाज वाटते ती घरात शिकवली जात नाही. लाज गेली की शिकवण्याची निदान इच्छा तरी होते.

सीमेच्या अलीकडचे भुजेल

एकोणिसाव्या शतकात चहामळे उभे राहिले तेव्हा नेपाळच्या डोंगरांतून हजारो कुटुंबे दार्जिलिंगकडे आली. त्यांत भुजेलही होते. आज दार्जिलिंगच्या डोंगराळ भागात आणि सिक्कीममध्ये भुजेल कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. ती भारतीय नागरिक आहेत. त्यांची बोलण्याची भाषा नेपाळी आहे आणि १९९२ पासून ती आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे. तेथील भुजेलांसह अकरा गोरखा समाज आपल्याला अनुसूचित जमातीचा दर्जा मिळावा अशी मागणी करीत आहेत. अशा मागणीसाठी स्वतःची वेगळी संस्कृती आणि ओळख दाखवावी लागते. त्यामुळे तीन-चार पिढ्यांपूर्वी मागे सुटलेल्या भाषेची चौकशी आता नातवंडे-पणतवंडे करू लागली आहेत.

कागदावर आलेली भाषा

चेपांग लोकांविषयी ब्रायन हॉटन हॉजसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८४८ च्या सुमारास लिहिले. पुढे विसाव्या शतकात रॉस कॉहली यांनी चेपांग क्रियापदाचा सखोल अभ्यास केला. भुजेलला मात्र बरीच वाट पाहावी लागली. त्रिभुवन विद्यापीठातील भाषाशास्त्रज्ञ दान राज रेग्मी यांनी तनहुँच्या गावांत राहणाऱ्या लोकांकडून भाषा समजून घेतली आणि २००७ साली भुजेलच्या व्याकरणावरील आपला प्रबंध पूर्ण केला. भाषेच्या दृष्टीने हा मोठा टप्पा होता. व्याकरण नोंदले गेले की शब्दकोश, वाचनमाला, गोष्टींची पुस्तके यांना पाया मिळतो.

कायदाही आता वाट अडवत नाही. नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेने देशात मातृभाषा म्हणून बोलल्या जाणाऱ्या सर्व भाषांना राष्ट्रभाषा म्हटले आहे आणि मातृभाषेतून शिक्षण घेण्याचा हक्कही दिला आहे. २०२१ च्या जनगणनेत अशा १२४ भाषांची नोंद झाली. अडचण अशी की घटनेतला हक्क वर्गात पोहोचायला शिक्षक लागतो, पुस्तक लागते, आणि आपल्या मुलाने ही भाषा शिकावी असे वाटणारे आईबाप लागतात.

उशीर झाला तर काय होते याचे उदाहरण नेपाळातच आहे. कुसुंडा या जमातीची भाषा जगातल्या कोणत्याही भाषेशी नाते जुळत नाही अशी आहे. ती अस्खलित बोलणाऱ्या मोजक्या लोकांपैकी ग्यानी मैया सेन या वृद्ध बाई जानेवारी २०२० मध्ये वारल्या. सुदैवाने त्यांच्या हयातीतच भाषेचे ध्वनिमुद्रण झाले होते आणि मुलांसाठी वर्गही सुरू झाले होते. भुजेलचे बोलणारे अजून हजारांत आहेत. म्हणून तिच्यासाठीचे काम तुलनेने सोपे आहे, आणि ते आताच करायचे आहे.

आपला संबंध काय?

कोणी विचारील, नेपाळच्या डोंगरातल्या या लोकांशी आपल्या महाराष्ट्रातील मंडळ्यांचा काय संबंध?

पहिली गोष्ट, मुंबई-पुण्यातल्या कित्येक सोसायट्यांच्या फाटकाशी रात्रभर जागणारा माणूस नेपाळचा असतो. आपण त्याला ‘गुरखा’ म्हणतो, नाहीतर ‘बहादूर’. त्याचे नाव आपल्याला माहीत नसते. तो मगर असेल, गुरुंग असेल, क्षेत्री असेल, भुजेल असेल. ज्या समाजाने नावापायी इतके सोसले, त्या समाजातल्या एखाद्याला त्याचे खरे नाव आणि गाव विचारणे ही छोटी गोष्ट नाही.

दुसरी गोष्ट, भुजेल मुलाची पहिलीतली अडचण मेळघाटातल्या कोरकू मुलाचीही आहे आणि यवतमाळमधल्या कोलाम मुलाचीही. कोरकू आणि कोलामी या मराठीच्या कुळातल्या भाषा नाहीत. तिथे आपली मराठी त्या मुलाच्या बाबतीत तेच करते जे भुजेल मुलाच्या बाबतीत नेपाळी करते. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या बाजूला निहाली भाषा बोलणारे लोक आहेत. त्यांची संख्या दोन-अडीच हजार सांगितली जाते. दहा हजारांपेक्षा कमी लोकांच्या भाषा आपल्या जनगणनेत स्वतंत्रपणे छापल्याच जात नाहीत, म्हणून निहालीचे नाव त्या यादीत सापडत नाही. भुजेलांचा विचार करताना आपल्या दाराशी असलेल्या या लोकांकडे पाहण्याची दृष्टी मिळाली तर या लेखाचा उपयोग झाला असे समजू.

तिसरी गोष्ट, पेंटेकॉस्टच्या दिवशी यरुशलेमेत जमलेल्या लोकांनी देवाची महत्कृत्ये आपापल्या जन्मभाषेत ऐकली, हे आपण प्रेषितांच्या कृत्यांत वाचतो. त्या दिवशी सर्वांना एक भाषा शिकवली गेली नाही. प्रत्येकाच्या भाषेचा मान राखला गेला. पंडिता रमाबाईंनी उतारवयात इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून पवित्र शास्त्राचे साध्या मराठीत भाषांतर केले आणि १९२२ साली मृत्यूपूर्वी ते काम पुरे केले, ते खेड्यातल्या साध्या बाईलाही समजावे म्हणून. स्वतःच्या भाषेत ऐकायला मिळणे म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणाला कळावे?

प्रार्थनेसाठी विषय

१. तनहुँ, गोरखा, चितवन आणि नवलपरासी येथील भुजेल आजी-आजोबांसाठी, की त्यांनी आपली भाषा नातवंडांशी मोकळेपणाने बोलावी आणि त्यांच्या आठवणी व गोष्टी वेळेत ध्वनिमुद्रित व्हाव्यात.

२. डोंगरातल्या प्राथमिक शाळांच्या शिक्षकांसाठी, की घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलाला त्यांनी कमी लेखू नये.

३. ज्या कुटुंबांचे मूळ नाव आणि मूळ भाषा गुलामगिरीने पुसून टाकली, त्यांच्या मनातील जुनी लाज दूर व्हावी.

४. आपल्या शहरांत कामासाठी आलेल्या नेपाळी बांधवांसाठी, आणि आपल्यासाठी, की आपण त्यांना त्यांच्या नावाने ओळखावे.

५. कोरकू, कोलाम, गोंड, भिल्ल, कातकरी आणि निहाल मुलांसाठी, की शाळेच्या पहिल्या दिवशी त्यांना त्यांच्या भाषेत बोलणारे कोणीतरी भेटावे.